पुढचे शॉकप आणि माधुरीची झोप

"उद्यापासून मी जीपनं येईन," माधुरी गाडीवरून उतरता उतरता म्हणाली.

मुरबाडच्या ज्या प्रसूतिगृहात ती केसपेपरच्या खिडकीवर बसते, त्याच्या दारातच दिवाळीनंतर लगेच हे झालं. तिच्या कपाळावर अर्धचंद्राच्या आकाराचा लाल वळ उठला होता. तो तिच्या नवऱ्याच्या, रविंद्रच्या, हेल्मेटच्या मागच्या कडेचा होता आणि त्या आठवड्यातला तिसरा होता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायका आधी त्या वळाकडे आणि मग रविंद्रकडे बघत, आणि त्यांचं ते बघणं तिथल्याच शाळेत प्रयोगशाळा परिचर असलेल्या सरळ माणसाला झेपण्यासारखं नव्हतं.

"का गो, काय झालं?" त्याने विचारलं.

"झोप होत नाय," ती म्हणाली आणि आत गेली.

प्रश्न झोपेचा होता हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं एका माणसाने गाडीपायी केलेला वेडेपणा वाटेल. माधुरी साडेचारला उठते. शेणव्यात त्यांच्या आळीला नळाचं पाणी पाचला येतं आणि सहाला जातं. त्या तासाभरात पाणी, भाकऱ्या, दोन डबे, सासूबाईंचा चहा आणि सासूबाईंच्या गोळ्या असं सगळं उरकून सातला ती रविंद्रच्या मागे बसते. मुरबाडला पोचायला पाऊण तास लागतो आणि तो पाऊण तास ती झोपते. गाव सुटून पहिलं वळण गेलं की तिचं डोकं त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध येऊन टेकतं. उजव्या हाताची बोटं त्याच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवलेली असतात आणि ती गाढ झोपेतही सुटत नाहीत. शेजारचे राघोभाऊ एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. "पडंल एक दिवस," असं त्यांनी अकरा वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं, आणि ते खरं व्हायची वाट ते अजून बघत होते.

पाठीवरच्या त्या वजनाबद्दल रविंद्र कधी कुणाशी बोलला नव्हता. बोलण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण ते वजन आलं की त्याचा कणा आपोआप ताठ व्हायचा. शिंक आली तर तो ती गिळायचा. दोन्ही बाजूंना कापलेल्या भातखाचरांवर धुकं पसरलेलं असायचं, मधून वालाच्या कोवळ्या वेलांचा हिरवा वास यायचा, आणि रविंद्रला वाटायचं की आपण जागच्या जागी आहोत, रस्ताच खालून हळूहळू वाहत चाललाय. घरात आई, टीव्ही आणि येणारंजाणारं माणूस. दिवसभर शाळा. दोघांचा असा वेळ म्हणजे हा पाऊण तास. त्यातला तिचा वाटा झोपेत जायचा, याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

यंदा मात्र पावसाने रस्ता खाल्ला होता, आणि वीस वर्षांच्या त्या मोटरसायकलचे पुढचे शॉकप, म्हणजे हँडलखालची धक्के झेलणारी ती दोन नळकांडी, पार बसले होते. चाक खड्ड्यात गेलं की खण्ण असा आवाज व्हायचा, रविंद्रचं डोकं मागे जायचं आणि माधुरीचं पुढे यायचं.

दुसऱ्या दिवशी ती खरंच जीपने गेली. रविंद्र गाडीवर एकटाच जीपच्या मागे निघाला. ओव्हरटेक करता आलं असतं, पण त्याने केलं नाही. जीपच्या मागच्या बाकावर माधुरीशेजारी ताराबाई बसली होती. ही ताराबाई शेणव्याची, मुरबाडच्या बाजारात भाजी विकते आणि अंगापिंडाने भरभक्कम आहे. किन्हवली यायच्या आत माधुरीचं डोकं ताराबाईच्या खांद्यावर गेलं. ताराबाईने पदर सारखा करून खांदा थोडा पुढे दिला. रविंद्र मागून धूर खात हे सगळं बघत होता. परक्या बाईच्या खांद्याचा हेवा वाटणं शोभत नाही हे त्याला कळत होतं. कळून काही फरक पडत नव्हता.

संध्याकाळी तो धाऊकडे गेला. शेणव्याच्या नाक्यावर धाऊचं गॅरेज आहे, म्हणजे चार बांबू, एक पत्रा आणि धाऊ. त्याने हँडल धरून गाडी दोनदा खाली दाबली आणि सोडली.

"सर, स्प्रिंगा बसल्या. सील गेले. या मापाच्या नव्या स्प्रिंगा कल्याणला भेटतात, सील भेटतात. पुस्तकात लिव्हलंय तेवढं ऑइल घालायचं. एक सकाळ द्या मला."

इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण रविंद्र घरी येऊन विचार करत बसला. ज्या स्प्रिंगा बसल्या तसल्याच पुन्हा आणायच्या, म्हणजे त्या पुन्हा बसायची वाट बघायची. एवढी वर्षं तो प्रयोगशाळेत मुलांना स्प्रिंगेला वजनं टांगून दाखवत आला होता. आपल्या बायकोच्या झोपेसाठी आपण काही अधिक करू शकत नाही का? त्याच्या डोळ्यांसमोर एक गाडी आली. ती भातसा धरणाच्या पाण्यावर होडी जावी तशी रस्त्यावरून चालली होती, खड्डे तिच्याखालून मासळीसारखे सरकत होते, आणि पाठीवर ते वजन निवांत टेकलेलं होतं. अशी गाडी धाऊच्या एका सकाळीत होणं शक्य नव्हतं.

"त्याचं ऐकू नको," राघोभाऊ कुंपणावरून म्हणाले. "शॉकपला काय झालेलं नाय. टायरात हवा जास्ती हाय. आमी एसटीला काय करायचो? हवा उतरवायचो. पाशिंजर कसा डुलत जायचा."

एसटी किती चाकांची असते आणि मोटरसायकल किती चाकांची, हा प्रश्न रविंद्रला सुचला, पण तीस वर्षांच्या अनुभवासमोर तो त्याने विचारला नाही. रविवारी हवा उतरवून त्याने माधुरीला चाचणीसाठी मागे बसवलं. राघोभाऊ म्हणाले होते तशी गाडी डुलली. पहिल्या वळणावर ती डुलत डुलत रस्ता सोडून एका खळ्यात शिरली आणि पेंढ्याच्या उडवीला टेकून थांबली.

"मऊ आहे," माधुरी केसातला पेंढा काढत म्हणाली. सोमवारी ती जीपने गेली.

मग कुणीतरी त्याला सांगितलं की शॉकपमध्ये जाड ऑइल घातलं की धक्का मुरतो. दोन्ही बाजूंना ऑइल अगदी सारखं जायला हवं, एवढं शास्त्र त्याला माहीत होतं. म्हणून त्याने शाळेतलं काचेचं मोजपात्र शनिवारी पिशवीतून घरी आणलं आणि सोमवारी धुऊन पुसून जागेवर ठेवलं. सर सांगतील तसं ऑइल धाऊने घातलं.

ऑइल इतकं जाड होतं की शॉकप हलायचंच विसरले. त्याच रविवारी पहिल्याच खड्ड्याला गाडी पहारीसारखी ताठ राहिली आणि माधुरीची जीभ दातांखाली आली. दोन दिवस ती ताकभातावर होती. तिसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी रविंद्रला बोलावलं.

"वेखंडे, नववीच्या मुलीनं मोजपात्रात पाणी घेतलं, तर त्यावर इंद्रधनुष्य दिसलं. ती म्हणते प्रयोग यशस्वी झाला. मला सांगा, कुठला प्रयोग?"

रविंद्रने खाली बघितलं. दुपारी त्याच्या हातात कागद आला. "विषय : प्रयोगशाळेतील मोजपात्रास वाहनाच्या तेलाचा वास येत असल्याबाबत. उपरोक्त विषयी आपला लेखी खुलासा दोन दिवसांत सादर करावा." सोळा वर्षांच्या नोकरीत त्याला मिळालेला हा पहिलाच कागद. त्याने तो चार वेळा वाचला. वास येत असल्याबाबत लेखी खुलासा कसा द्यायचा याचा नमुना कार्यालयातल्या कुठल्याही फायलीत सापडेना. शेवटी त्याने लिहिलं, "सदर तेल हे द्रवाच्या दाटपणाच्या अभ्यासाकरिता वापरण्यात आले होते." यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि तरी सही करताना त्याचे कान तापले.

एवढ्यावर दुसरा माणूस थांबला असता. पण झोप उडालेल्या बायकोपेक्षा दुसरीकडे झोपणारी बायको जास्त अस्वस्थ करते, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. रोज सकाळी तो जीपच्या मागे असायचा. ताराबाई आता जाडसर टॉवेल घडी करून खांद्यावर ठेवायला लागली होती. एकदा बाजारात ती त्याला म्हणाली, "मास्तर, तुमची बायको झोपेत हसते हो." अकरा वर्षं ती त्याच्या पाठीमागे झोपली, आणि ही गोष्ट त्याला बाजारात कोथिंबिरीच्या ढिगापलीकडून कळली.

तो तडक कल्याणला भंगारवाल्याकडे गेला.

मोठ्या मोटरसायकलींचे सुटे भाग तिथे डोंगरासारखे रचले होते. त्यातून भंगारवाल्याने एक जोडी ओढून काढली. चकचकीत, मनगटाएवढी जाड. भावही परवडण्यासारखा ठरला. पावती मागितल्यावर त्याने सिगरेटच्या रिकाम्या पाकिटामागे लिहून दिलं, "लोखंड, नग दोन."

धाऊने ती जोडी हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"सर, माल चांगला हाय. पण हे शॉकप लावायचे तर वरची टी, म्हंजे हँडल बसतं ती पट्टी, बदलाया लागंल. टी बदलली का चाक बदलाया लागंल. चाक बदललं का ब्रेक."

"मग?"

"मग मडगाड. आन् मीटरची केबल बसणार नाय."

"बाकी काही?"

"बाकी तुमची हाय तीच गाडी ऱ्हाईल," धाऊ म्हणाला.

तीन रविवार रविंद्र कल्याणला गेला. दर खेपेला पाकिटाच्या पाठीवर एकेक नग वाढत गेला. चौथ्या रविवारी गाडी उभी राहिली. मागून ती शांत, झिजलेली, संसारी गाडी होती. पुढून मात्र एखाद्या तालमीतल्या पोराने छाती काढून उभं राहावं तशी. हँडल वर गेलं होतं, त्यामुळे चालवणाऱ्याचे हात देवळात कौल मागायला उचलल्यासारखे दिसायचे. दिवा सरळ झाडांच्या शेंड्यांवर पडायचा. मीटरचा काटा शून्यावर टेकून राहिला होता. खूश होऊन धाऊने फुकटात पुढचा सगळा भाग काळ्या रंगाने फवारूनही दिला.

पण गाडी चालली कशी म्हणाल तर रविंद्रने त्या संध्याकाळी शेणव्याच्या नाक्यापासून ओढ्यापर्यंत एक चक्कर मारली आणि तो हसत परत आला. पुढच्या चाकाखाली जणू कुणी घडी करून गोधडी घातली होती. माळावर ऊन उतरत होतं, माहुलीच्या सुळक्यांवर निळी सावली पडली होती, आणि खड्डे येत होते नि जात होते. त्याला वाटलं, असंच पुढे जावं आणि कुठेही पोचू नये.

"उद्या बसशील?" त्याने माधुरीला विचारलं.

तिने गाडीभोवती एक फेरी मारली. "आधी तुमी एकटे मुरबाडपर्यंत जाऊन या. धड आलात तर बसते."

म्हणून तो एकटा गेला, आणि मुरबाडच्या नाक्यावर हवालदाराने हात केला.

"कधीची गाडी?"

"वीस वर्षं झाली."

हवालदार शांतपणे मागे गेला, पुढे आला. "मागून झालीत. पुढून किती झाली?"

रविंद्रने पाकिटाच्या पाठीवरची पावती दाखवली. हवालदाराने "लोखंड" हा शब्द वाचला आणि पाकीट परत दिलं.

"स्पीड किती ठेवला होता?"

रविंद्रने मीटरकडे बघितलं. हवालदारानेही बघितलं. काटा शून्यावर होता.

"चेसिस नंबर दाखवा."

नंबर हँडलच्या मानेवर कोरलेला असतो. तिथे आता धाऊचा काळा रंग होता. रविंद्रने रुमालाने पुसलं, नाण्याने खरवडलं. एक आठ दिसला, तो तीनही असू शकत होता. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून आपल्याच गाडीचा नंबर खरवडणारा माणूस बघायला चारपाच जण जमले. त्यातली दोन त्याच्या शाळेतली मुलं होती. "नमस्कार सर," ती म्हणाली.

हवालदार माणूस वाईट नव्हता. "सर, तुमी चोर नाय हे मला दिसतंय," तो आवाज उतरवून म्हणाला. "पण आरसी पुस्तकात एक गाडी आणि रस्त्यावर दुसरी, असं मी कसं सोडू? इथं चौकीच्या आवारात लावा. पुस्तकात हाय तशी करून दाखवा, नंबर दाखवा, घेऊन जा."

त्या संध्याकाळी रविंद्र जीपने घरी आला. पुढच्या बाकावर जागा नव्हती. माधुरी मागे ताराबाईच्या खांद्यावर झोपलेली, आणि तो समोरच्या बाकावर गुडघे आवळून बसलेला. पहिल्यांदाच त्याला ती झोपलेली समोरून दिसत होती. किन्हवलीच्या अलीकडे ती हसली. कशाला हसली कुणास ठाऊक. ताराबाईने त्याच्याकडे बघून भुवई उचलली, बघा, मी सांगितलं नव्हतं?

धाऊला सगळं कळेपर्यंत अंधार पडला होता. त्याने ऐकून घेतलं, पत्र्याच्या कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढलं आणि रविंद्रसमोर ठेवलं. आत जुन्या मापाच्या दोन नव्या स्प्रिंगा होत्या, आणि सील.

"कधी आणल्या?"

"तुमी पयल्या दिवशी येऊन गेलात ना, त्याच आठवड्यात. म्हटलं सर येतील फिरून."

"मग बोलला का नाय?"

"तुमी सायन्सचे," धाऊ म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो रविंद्रला जास्त लागला.

शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून शनिवारी तो आणि धाऊ निघाले. जुनं चाक जीपच्या टपावर बांधलं. जुने शॉकप रविंद्रने चादरीत बाळासारखे गुंडाळून मांडीवर आडवे घेतले, कारण टपावर वाकतील अशी धाऊला भीती होती. माधुरीला नेहमीप्रमाणे झोप लागली. ताराबाई बराच वेळ त्या चादरीकडे बघत राहिली.

"किती दिवसांचं हाय?" तिने हळूच विचारलं.

"वीस वर्षांचं," रविंद्र म्हणाला. तेवढ्यात चादरीच्या टोकातून तेलाचा एक थेंब तिच्या मेथीच्या जुडीवर पडला. ताराबाईने जुडी बाजूला ओढली आणि पुढे काही विचारलं नाही.

आवारातल्या चिंचेखाली धाऊने पोतं अंथरलं. दुपारपर्यंत मोठ्या गाडीचं तोंड उतरलं आणि नंबरावरचा रंग पेट्रोलने साफ झाला. हवालदार खुर्ची घेऊन बाजूला बसला. त्याच्या वडिलांचीही अशीच गाडी होती, आणि तिच्यावर बसून तो पहिल्यांदा शाळेत गेला होता, हे त्याने दोनदा सांगितलं. मग धाऊ नव्या ऑइलचा डबा उघडून बसला आणि म्हणाला, "एकेका बाजूला एकशेसाठ मिली. माप कुठाय?"

मोजपात्राचं नावही काढायची रविंद्रची छाती नव्हती. खुलासा अजून मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून होता.

जेवणाच्या सुटीत माधुरी डबा घेऊन आली. तिने ऐकलं, डबा पोत्यावर ठेवला आणि परत गेली. दहा मिनिटांनी आली तेव्हा तिच्या हातात बाळाला दूध पाजायची बाटली होती. बाजूला आकडे छापलेले होते.

"आमच्याकडे पडून होती. झाकण फुटलंय म्हणून कुणी नेत नाय," ती म्हणाली.

धाऊ ओतत होता, आणि माधुरी बाटली डोळ्यांसमोर धरून खाली बसली होती. ऑइल चढत चढत एकशेसाठला आलं.

"कडेला वर चढलंय आन् मधी खाली हाय," ती म्हणाली. "वरचं धरायचं का खालचं?"

"खालचं," रविंद्र म्हणाला. "नेहमी खालचं."

हवालदाराने मान डोलवली. धाऊनेही डोलवली. इतक्या महिन्यांच्या या सगळ्या खटाटोपात रविंद्रला थोडा मान मिळाला असेल तर तो एवढाच.

गाडी परत तीच साधी, बुटकी, संसारी गाडी झाली. हवालदाराने पुस्तकाशी ताडून पाहिली, मीटरला बोटाने टिचकी मारली आणि सोडली. मोठे शॉकप धाऊ घेऊन गेला. ते त्याने कशाला लावले हे रविंद्रने अजून विचारलेलं नाही.

सोमवारी सातला माधुरी मागे बसली. बोटं त्याच्या पट्ट्यात अडकली. माघातलं धुकं रस्त्यावर इतकं खाली उतरलं होतं की चाकं दिसत नव्हती. गाव सुटलं, पहिलं वळण गेलं. रविंद्रने पाठ ताठ केली आणि वाट बघितली.

वजन आलं नाही.

किन्हवलीला दोन मोठे खड्डे लागले. लागले म्हणजे ते तिथे होते हे त्याला माहीत होतं म्हणून कळलं, एरवी कळले नसते. दुसऱ्याच कुणाच्या गाडीला धक्का बसावा तसं ते खालून निघून गेले. होडीसारखी ती गाडी अखेर आली होती, बाळाच्या बाटलीने मापलेल्या ऑइलवर. पण पाठ मोकळीच होती. तिला झोप लागतच असेल, त्याने स्वतःला सांगितलं. नदी येईल तेव्हा लागेल. आरशात बघायचा त्याला धीर झाला नाही.

"हा पूल कधी झाला?" त्याच्या कानाशी माधुरीचा आवाज आला.

तो दचकला. "कुठला?"

"हा. आपण आहोत तो."

"आपलं लग्न व्हायच्या आधीचा हाय. झोपली नाय तू?"

"झोप येत नाय." ती म्हणाली. "पयलं मला झोपेत कळायचं, कुठं आलो ते. किन्हवलीला दोन मोठे, मग तिथल्या शाळेपाशी बारके बारके, मग पुलाच्या तोंडाशी हा एक. हा लागला का समजायचं, अर्धं झालं, आता अजून तेवढंच झोपायचं. आता काय लागतच नाय. डोळे मिटले की वाटतं, कुठं चाललोय. मग उघडते."

दिवाळीपासून ज्या झोपेसाठी त्याने पेंढ्यात गाडी घातली, लेखी खुलासा दिला, पोलिसांच्या आवारात पोतं अंथरलं, ती झोप त्याने आपल्याच हातांनी, खालची रेघ धरून, मिलीमिलीने मोजून घालवली होती.

"परत थोडं कडक करून घेऊ का?" शेवटी त्याने विचारलं.

"नको. जरा हळू चालवा."

त्याने गाडी हळू केली. पूल संपत होता. धुक्याचा एक पदर वर सरकला आणि खाली नदीकाठी करवंदीच्या जाळ्यांतून उतरणारी एक पायवाट दिसली. दवाने ती ओली होती आणि तिच्यावर कुणाची तरी ताजी पावलं होती.

"ती कुठं जाते?" माधुरीने विचारलं.

"माहीत नाय."

"माहीत नाय? अकरा वर्षं मी झोपलेली. तुमी तर जागे होते."

"मी खड्डे बघत होतो," रविंद्र म्हणाला.

मग पट्ट्यातली बोटं सुटली.

"थांबवा," ती म्हणाली.

त्याने गाडी कडेला स्टँडवर लावली. मागून सातची जीप आली. मागच्या बाकावर ताराबाई घडी केलेला टॉवेल मांडीवर घेऊन बसली होती. तिने या दोघांना रस्त्यातच उतरलेलं पाहिलं आणि गाडी पुन्हा बिघडली असं समजून हात कपाळाला लावला. जीप पुढे गेली. माधुरी साडी किंचित वर धरून पायवाटेने उतरायला लागली आणि रविंद्र हेल्मेट हातात घेऊन तिच्या मागे गेला. आज ती पुढे होती, आणि करवंदीची आडवी फांदी ती त्याच्यासाठी धरून ठेवत होती.

पायवाट कुठे विशेष जात नव्हती. खाली धुणं धुवायचा एक सपाट दगड होता, पलीकडे वालाचा एक तुकडा, आणि नदीत टाकलेल्या दगडांवरून पैलतीराला एका घराकडे जाता येत होतं. त्या घराच्या कौलांतून धूर निघून धुक्यात मिसळत होता. माधुरी दगडावर बसली आणि तिने पाय पाण्यात सोडले. पाणी गार असावं, कारण ती आधी शहारली. रविंद्र शेजारी बसला.

"मस्टर बंद होईल," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

शाळेत आता त्याच्या नावापुढे लाल रेघ पडणार होती, आणि मागच्या कागदाचा वास जायच्या आत दुसरा कागद यायचा होता. आज कशाचा खुलासा द्यायचा हे त्याला सुचत नव्हतं, आणि त्याची घाईही वाटत नव्हती. वरती पुलाच्या तोंडाशी कुणाची तरी गाडी खड्ड्यात खण्णकन आदळली. दोघांनी एकदमच मान वर केली.

"अर्धं झालं," माधुरी म्हणाली, आणि तिने पाय काही पाण्यातून काढले नाहीत.